पोच

मुक्ताला मँचेस्टरला सोडून परत निघालो
तेव्हा एम-बासष्टवर, डोंगरात, गारा.
हेमंत गप्प. वायपरच काय ते बोलत होते.

घरी येऊन फोनवर ते पिवळं विमान उघडलं.
केसाएवढ्या रेघेवर नखाएवढं विमान,
हलतंय असं वाटत नाही,
पण कुकर लावून येईतो एक देश मागे पडलेला.
रशियातल्या गावांवर जीभ अडखळली.
मग मंगोलिया:
गाव नाही, रस्ता नाही, नुसता पिवळट कागद,
त्यावरून माझी मुलगी चाललेली
पवनचक्कीच्या पात्यांचे नकाशे मांडीवर घेऊन.
(आमच्या हलमधून पाती बोटीनं जातात,
पात्यांची माणसं विमानानं.)

पावणेअकराला बीजिंगला टेकलं.
तिथं उजाडलेलं, पावणेसात.
मी लिहिलं, पोचलीस का?

एकच टिक. राखाडी.

अकरा वाजले. एकच टिक.
"अगं, तिथं हे चालत नाही," हेमंत पांघरुणातून म्हणाला,
"ते हिरवं अ‍ॅप घे. तीनदा सांगितलं तिनं."
सांगितलं असेल.
मी तेव्हा तिच्या बॅगेत मेतकूट कोंबत होते.

हिरवं अ‍ॅप घेतलं. ते विचारायला लागलं,
तुमच्या ओळखीचं आमच्यात कुणी आहे का,
जो सांगेल की तुम्ही खऱ्या आहात?

एकतीस वर्षं या गावात.
दातांच्या दवाखान्यात अर्ध्या हलची तोंडं
आतून पाहिलीत मी.
सांगणार कोण?

गाऊनवर कोट, पायात हेमंतचे बूट.
हंबरवरून येणारा वारा कानात शिरून
दुसऱ्या कानातून जायचं नाव घेईना.
कोपऱ्यावर तो सायीच्या रंगाचा टेलिफोन बॉक्स,
ज्यात उभी राहून मी मिरजेला नाणी टाकली होती
आल्यानंतर चौथ्या दिवशी.
पलीकडे किराणावाल्याच्या दुकानात बाबा.
खुशाली नाही, काही नाही:
"काही पोच आहे का तुला?"
आणि मग नाणी संपेपर्यंत नुसता श्वास.

न्यूलँड अव्हेन्यूवर मिस्टर झेंग चिप्सचं दुकान आवरत होते.
खुर्च्या टेबलांवर पालथ्या, तेल निथळत ठेवलेलं.
मी काउंटरवर फोन ठेवला, सगळं सांगितलं,
बाबांचं सोडून.
त्यांनी दोनदा हात पुसले,
माझ्या चौकोनावर आपला फोन धरला
आणि म्हणाले, "झालात खऱ्या."

मुक्तानं तिकडून हो म्हटलं.
फोन टुणकन वाजला, आणि त्या मासळीच्या वासात
तिचा झोपमोड झालेला आवाज:
"आई, पोचले. सामानपण पोचलं.
मेतकूट हुंगून परत दिलं त्यांनी."

झेंग म्हणाले, परत लावा.
परत लावलं.
"तो पहिला शब्द कुठला? आई-नंतरचा."
सांगितला.
"आमच्यात दाव् ल," ते म्हणाले.
"मी इथं आलो तेव्हा आईला तीन आठवड्यांनी कळवलं.
आता विचारणारं कुणी नाही."
आणि गल्ला मोजायला वळले.
पन्नास पेन्स कमी भरले, पुन्हा मोजले.
जाताना कागदात एक गरम पॅटी बांधून दिली,
चिप स्पाइस जरा जास्तच,
पैसे घेतले नाहीत.

घरी बूट काढत होते, तेवढ्यात टुणकन.
मुक्ता नव्हती.
झेंग. इंग्रजीत, एवढंच:
घरी?

पॅटीचं तेल बोटाला. तसंच टाइप केलं,
देवनागरीत, लावू देत त्यांना अर्थ:
पोचले.

या हिरव्या अ‍ॅपात निळी टिक नसते.
वाचलं की नाही, कळायला मार्ग नाही.
थोडा वेळ पाहत बसले.
मग जिन्यातला दिवा घालवला.